शेणपाण्याचा ड्रम दर वेळी नासतो? आधी हवेचा निर्णय करा

झाकण उचलावं आणि सडक्या अंड्यांचा भपका नाकात शिरावा. वर जाड, तडकलेली साय, खाली काळंभोर पाणी आणि काठी बुडवली की बुडबुडत वर येणारा वायू. चार-पाच दिवसांपूर्वी झाडांसाठी पातळ खत करायला याच ड्रममध्ये ताजं शेण, थोडं मूत्र, कापलेला हिरवा पाला आणि पाणी घातलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ ढवळणंही चुकलेलं नसतं. तरी ड्रम नासतो. ओतून द्यायचा, धुवायचा, पुन्हा भरायचा. पुढचा एखादा ड्रम छान उतरतो, त्याच्या पुढचा परत नासतो.

हा त्रास मी सलग दोन हंगाम काढला. शेण बदललं, पाणी बदललं, विरजण बदललं. प्रत्येक बदलानंतर एखादा ड्रम चांगला निघायचा आणि मला वाटायचं, सापडलं कारण. पुढच्याच खेपेला तोच वास. तुमचंही असंच चाललं असेल तर शेणाच्या जातीवर आणि विरजणावर शंका घेणं थोडा वेळ बाजूला ठेवा. माझ्या ड्रमचा दोष एवढाच होता की तो धड हवेवर चालत नव्हता आणि धड बिनहवेचाही नव्हता. ही मधली अवस्थाच नासवते.

आधी वास ओळखा

वासावरून निम्मं निदान होतं. त्यासाठी ड्रमवर तोंड नेऊ नका. एक मगभर पाणी बाहेर काढा, दोन पावलं लांब जा आणि हाताने वारा घालून हुंगा.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन संपला की काही जिवाणू सल्फेटवर श्वास चालवतात, त्यातून हा वायू निघतो. सोबत पाणी आणि तळाचा गाळ काळा पडतो, कारण हाच सल्फाइड लोहाशी जोडला जाऊन काळं आयर्न सल्फाइड बनतं. मगात काढलेलं काळं पाणी उघड्यावर ठेवलं आणि तास-दोन तासांत तपकिरीकडे झुकलं, तर खात्री समजा.

ओकारीसारखा, खवट लोण्यासारखा आंबट वास ही वेगळी तक्रार आहे. ते ब्युटिरिक आणि त्याच्या भावंडांसारखी आम्लं साठल्याचं लक्षण. ड्रममध्ये हिरवा पाला किंवा गूळ जास्त गेला की हा वास हमखास येतो.

डोळ्यांत पाणी आणणारा, नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा. त्यात नत्र उडून चाललेलं असतं, म्हणजे खतच हवेत जातं.

ताकासारखा किंवा आंबवलेल्या चाऱ्यासारखा आंबूस वास बिघाडाचा नाही. पाल्याचा ड्रम बरोबर आंबला की असाच येतो. आणि पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास आला तर हवेवरचा ड्रम अगदी नीट उतरला आहे.

हवेचा हिशेब

हा हिशेब मांडला आणि माझं सगळं कोडं सुटलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. २०० लिटरच्या ड्रममध्ये १५० लिटर पाणी धरलं तर उन्हाच्या दिवसांत त्यात सगळा मिळून १.१ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. दुसऱ्या बाजूला, एक किलो साखर जिवाणूंनी पूर्ण जाळायची तर सुमारे १.१ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे भरलेल्या ड्रममधला सगळा ऑक्सिजन एका ग्रॅम साखरेला पुरतो. आणि आपण त्यात किलोभर गूळ टाकतो, वर दहा-वीस किलो शेण, वर पाटीभर कोवळा पाला.

काठीने पाच मिनिटं जोरात ढवळलं तरी फार तर तो एक-सव्वा ग्रॅम ऑक्सिजन परत भरला जातो. दाट ड्रममध्ये जिवाणू तो काही मिनिटांत संपवतात. उरलेला दिवस आणि रात्र ड्रम गुदमरलेलाच. ढवळणं फुकट नाही, साय फुटते, वायू निघून जातो, तळ-वर सारखं होतं. पण दाट ड्रमला ढवळून हवा पुरवता येत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती पहाटा वाचल्या असत्या!

उन्हाळ्यात हाच ड्रम जास्त का नासतो, तेही यातच आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की जिवाणूंचं काम साधारण दुप्पट वेगाने चालतं, आणि त्याच वेळी पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मागणी वाढते, पुरवठा घटतो. थंडीत जमलेलं प्रमाण उन्हाळ्यात तसंच वापरलं की ड्रम गेला. माझे 'मधूनच चांगले निघणारे' ड्रम बहुतेक थंड आठवड्यांतले होते. वहीतल्या तारखा पाहिल्या तेव्हा ते लक्षात आलं.

खात्रीसाठी मी काचेच्या चार बरण्या मांडल्या. चारही बरण्यांत एकाच ढिगातलं शेण, एकच पाणी. पहिलीत एक भाग शेणाला वीस भाग पाणी आणि फिश टँकचा छोटा हवापंप. दुसरीत तेवढंच पातळ, पण नुसतं दोन वेळा ढवळलेलं. तिसरीत एकास चार असं दाट, ढवळलेलं. चौथीत दाट शेण, मूठभर कापलेलं कोवळं गवत आणि गुळाचा खडा. दुसऱ्या संध्याकाळी चौथ्या बरणीच्या तळाशी, काचेला चिकटून, बोटभर काळी रेघ आली. सकाळपर्यंत ती अर्ध्यावर चढली होती. तिसरी बरणी तिसऱ्या दिवशी तळातून काळी पडली. दुसरीला पाचव्या दिवशी गाळावर पातळ काळा पापुद्रा दिसला, वरचं पाणी तपकिरीच राहिलं. पहिलीत काळं काही नाही. मग मी पहिलीचा पंप रात्री बंद केला. सकाळी तिचाही वास बदलला होता.

ही बरण्यांची परीक्षा तुम्हीही करून पाहा. ड्रमच्या बाहेरून आत काय चाललंय ते दिसत नाही, काचेतून दिसतं.

मग करायचं काय: दोनपैकी एक वाट

पहिली वाट, हवेवरचा ड्रम. यात सगळं पातळ ठेवावं लागतं. एक किलो शेणाला वीस लिटर पाणी, उन्हाच्या दिवसांत पंचवीस. शेण आणि पाला मोकळा टाकायचा नाही. जाळीदार पोत्यात बांधून लोंबकळत सोडायचा, म्हणजे चोथा तळाशी बसून सडत नाही आणि शेवटी गाळण्याचाही त्रास वाचतो. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वापरलं तर ताज्या शेणापेक्षा हा ड्रम कितीतरी सोपा जातो, कारण पटकन जळणारा भाग आधीच जळून गेलेला असतो.

पंप किती मोठा हवा? फिश टँकचा सगळ्यात छोटा पंप २०० लिटरला पुरत नाही. ड्रमचा पूर्ण पृष्ठभाग खदखदता राहिला पाहिजे. एका कोपऱ्यात बुडबुडे आणि बाकी पाणी स्थिर, असं दिसलं तर त्या स्थिर भागाखाली सडणं सुरू आहे. हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा छिद्रांचा दगड, तळाला टेकला पाहिजे, मध्येच तरंगता नको. आणि तो दर खेपेला काढून घासा. दोन-तीन ड्रम झाले की त्याच्या छिद्रांवर बुळबुळीत थर बसतो, हवा निम्मी होते. पंपाचा आवाज तोच येत राहतो, त्यामुळे लक्षात येत नाही. 'आधी जमत होतं, आता का नासतंय' अशा तक्रारींत हा दगड बऱ्याचदा सापडतो. असा ड्रम एक ते तीन दिवसांत तयार होतो. पंप बंद केल्यावर तो त्याच दिवशी संपवायचा. उद्यासाठी ठेवला तर नासलाच.

गूळ? हवेच्या ड्रममध्ये माझं मत स्पष्ट आहे: नको. वरचा हिशेब आठवा. शिवाय शेणात आतड्यातले रोगजंतू असू शकतात, आणि साखर मिळाली की ई. कोलाय आणि साल्मोनेला अशा पाण्यात भराभर वाढू शकतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

दुसरी वाट, बिनहवेचा बंद ड्रम. इथे ऑक्सिजन द्यायचाच नाही, त्यामुळे ढवळायचंही नाही. यात सगळ्यात मोठी चूक होते ती शेण आणि हिरवा पाला एकत्र भरण्याची. का ते सांगतो.

नुसता रसदार पाला थोड्या गुळासोबत हवाबंद भरला तर आठ-दहा दिवसांत लॅक्टिक आम्ल तयार होतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) चारच्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात सडवणारे जिवाणू टिकत नाहीत. मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) टिकतो तो याच कारणाने. नुसतं शेण हवाबंद भरलं तर त्याची वाट वेगळी: आधी आम्लं बनतात, मग मिथेन बनवणारे जीव ती आम्लं खाऊन टाकतात. पण हे जीव सावकाश वाढतात आणि त्यांना पीएच सातच्या आजूबाजूला लागतो. पूर्ण पचलेल्या स्लरीचा (शेणाच्या पातळ काल्याचा) वास ताज्या शेणापेक्षा सौम्य असतो तो या पचनामुळेच.

आता दोन्ही एकत्र करा. पाला आम्ल सोडतो, शेणातला अमोनिया आणि बायकार्बोनेट ते आम्ल मारतात. पीएच ना चारवर उतरतो ना सातवर राहतो, साडेपाच-सहाच्या मध्ये कुठेतरी अडकतो. आंबवणाऱ्यांना पुरेसं आंबट नाही, मिथेनवाल्यांना फार आंबट. ब्युटिरिक आम्लवाल्यांना मात्र तिथे रान मोकळं मिळतं. ओकारीसारखा वास इथून येतो.

म्हणून पाला वेगळा, शेण वेगळं. पाल्याच्या ड्रममध्ये बोटभर लांबीचे तुकडे करून पाला दाबून भरा, वर पाणी एवढं की पाला बुडून जाईल, पाल्याच्या वजनाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका गूळ किंवा मळी, आणि वर वजन ठेवा म्हणजे काही तरंगणार नाही. तरंगणारा पाला हवेला लागतो, बुरशी धरतो आणि तिथून बिघाड सुरू होतो. शेंगवर्गीय पाला आंबट व्हायला जास्त हट्टी असतो, त्याला गूळ थोडा जास्त लागतो. वाळका पाचोळा या ड्रममध्ये घालू नका. त्यात साखरच उरलेली नसते, तो आंबत नाही. त्याची जागा कंपोस्टच्या ढिगात. शेणाच्या ड्रमला चार ते आठ आठवडे द्या, थंडीत त्याहून जास्त. तिसऱ्या आठवड्यात वास टिपेला पोचतो आणि घाबरून लोक ड्रम ओततात. तेव्हाच धीर धरायचा असतो.

दोन्ही ड्रमांना घट्ट टोपण चालतं, पण वायूला वाट हवीच. टोपणाला छिद्र पाडून नळी बसवा, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही, आणि बुडबुडे मंदावले की काम संपत आल्याचं घरबसल्या कळतं. वाट न ठेवता टोपण आवळलं तर ड्रम फुगतो आणि फुटूही शकतो. शेणाच्या ड्रममधून मिथेन निघतो, त्याच्याजवळ विडी-काडी नको.

एक खबरदारी. आंबट पाल्याचं पाणी आणि शेणाची स्लरी दाट असताना एकमेकांत ओतू नका. आम्ल मिसळताच स्लरीत अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो आणि फेस उसळतो. दोन्ही आधी आपापल्या पाण्यात पातळ करा, मग मोकळ्या जागेत एकत्र करा. किंवा एका आठवड्याला हे, दुसऱ्या आठवड्याला ते, असं द्या. मी तसंच देतो.

आत्ता समोर नासलेला ड्रम आहे, त्याचं काय

तो वाचतो का, हे नंतर पाहू. आधी तुमचा जीव. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचतो. थोडा असताना फार घाण येते, आणि हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास पोचला की नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असं मुळीच नाही. उघड्या अंगणातल्या एका ड्रमपासून सहसा एवढं होत नाही. पण ड्रम बंद खोलीत असेल, किंवा तुम्ही जमिनीखालच्या टाकीत स्लरी करत असाल, तर गोष्ट फार गंभीर आहे. अशा टाक्यांत उतरलेली माणसं, आणि त्यांना काढायला मागोमाग उतरलेली माणसं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. टाकीत उतरायचं नाही. आत बादली पडली तर पडू द्या. साचलेली स्लरी अचानक ढवळताना तर हा वायू एकदम उसळतो, तेव्हा वारा आपल्या पाठीकडून स्लरीकडे जाईल असं उभं राहा आणि लहान मुलं, जनावरं लांब ठेवा.

ड्रम उघड्यावर असेल तर चोथा आणि साय काढून टाका, तळाचा काळा गाळ हलवू नका, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या, त्यात तेवढंच साधं पाणी घाला आणि पंप लावा. दोन-तीन दिवसांत अंड्याचा वास बराच जातो. पंप नसेल तर पाणी थोडं थोडं करून कंपोस्टच्या ढिगावर किंवा वाळक्या पाचोळ्यावर शिंपडा. कोरडा पाला ते शोषून घेतो आणि नत्र वाया जात नाही. झाडांच्या मुळाशी मात्र नासलेलं पाणी तसंच ओतू नका. सल्फाइड आणि ती आम्लं कोवळ्या मुळांना जाळतात, आणि जमिनीतला उरलासुरला ऑक्सिजनही हे पाणी ओढून घेतं.

द्यावं की नाही, शंका असेल तर बियांना विचारा. दहा मूग किंवा मुळ्याचं बी पातळ केलेल्या खतात भिजवलेल्या फडक्यात, दहा साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात. तीन दिवसांनी दोन्हींची मुळं शेजारी ठेवून पाहा. खतातली मुळं आखूड, टोकाशी तपकिरी असतील तर आणखी पातळ करा किंवा आणखी मुरू द्या. मी आता कुठलाच ड्रम या परीक्षेशिवाय बाहेर काढत नाही.

नवा ड्रम भरताना जुन्यातलं विरजण घ्यायची सवय असेल तर ते कुठून घेता ते पाहा. मी दर वेळी ड्रम उपसून झाला की तळाशी उरलेलं बादलीभर पुढच्या ड्रममध्ये ओतायचो. ते विरजण नव्हतं, नासवणाऱ्या जिवाणूंचं बियाणं होतं. विरजण चांगल्या उतरलेल्या ड्रमच्या मधल्या थरातून घ्यावं, आणि मागचा ड्रम नासला असेल तर घेऊच नये. ताज्या शेणात जिवाणूंची काही कमी नसते. याच कारणाने नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर फार खापर फोडू नका. लिटरमागे जेमतेम मिलिग्रॅमभर असलेलं क्लोरीन शेण पडताच खर्च होऊन जातं.

अमोनिया झोंबत असेल तर

यात बहुधा कोंबडखत किंवा मूत्र जास्त झालेलं असतं. कोंबडखतात कर्ब आणि नत्राचं प्रमाण दहास एकच्या आसपास, गाईच्या शेणात वीस-पंचवीसास एक, वाळक्या पेंढ्यात ऐंशीच्या घरात. कर्ब कमी पडला की जिवाणूंना नत्र अंगात बांधून ठेवता येत नाही. शिवाय मूत्रातला युरिया फुटला की पीएच नऊपर्यंत चढतो. पीएच आठला, २५ अंशांच्या पाण्यात, अमोनियाकल नत्रातलं पाचेक टक्के वायुरूपात असतं, नऊला तेच एक तृतीयांशाच्या वर जातं. म्हणून पीएच नऊच्या ड्रमचं झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात. कोंबडखत निम्मं करा, पाणी वाढवा, पोत्यात थोडा वाळका पाचोळा घाला, झाकण ठेवा आणि ते पाणी दुपारच्या उन्हात देऊ नका. दिल्यावर वरून थोडं साधं पाणी सोडलं तर अमोनिया मातीत उतरतो.

'पाणी काळंकुट्ट आहे, तरी झाडं पिवळीच'

ही तक्रार मला सगळ्यात जास्त कळकळीने समजावून सांगावीशी वाटते, कारण यात माणसं उगाच निराश होतात. रंग म्हणजे ताकद नाही. काळा-तपकिरी रंग टॅनिन आणि ह्युमिक द्रव्यांचा असतो.

आकडे पाहा. ताज्या ओल्या शेणात नत्र ०.३ ते ०.५ टक्के. दहा किलो शेणात ४० ग्रॅम धरू. हे सुमारे ९० ग्रॅम युरियाइतकं झालं. त्यातलं निम्मं २०० लिटर पाण्यात उतरलं तर लिटरमागे १०० मिलिग्रॅम. ते दहापट पातळ करून दिलं तर १० मिलिग्रॅम. मातीविना शेतीत झाडांना जे पोषणद्रावण देतात त्यात नत्र लिटरमागे १०० ते २०० मिलिग्रॅम असतं. तेव्हा पातळ शेणपाणी एकट्याने भुकेलं झाड पोसेल ही अपेक्षाच चूक. ते जमिनीतल्या खताच्या जोडीला आहे. बिनहवेची, नीट पचलेली, मूत्र घातलेली स्लरी यापेक्षा जोरकस असते, ती मात्र दहापट पातळ केल्याशिवाय देऊ नये.

पालाश (पोटॅशियम) पेशीत मोकळ्या क्षाररूपात असल्याने पाण्यात सहज उतरतो, म्हणून पाल्याचं पाणी फुला-फळांच्या वेळी उपयोगी पडतं. स्फुरद (फॉस्फरस) बराचसा गाळात आणि चोथ्यात राहतो. गाळ फेकू नका, झाडाच्या आळ्यात मातीआड करा. अर्धं खत तिथेच आहे.

पानांच्या कडा करपत असतील तर उलट दोष: क्षार जास्त. ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर पातळ केलेलं पाणी १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत ठेवा, रोपांसाठी एकच्या आत. मीटर नसेल तर फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत पातळ करा. रंगावरून ताकद कळत नाही हे वर म्हटलंच आहे, पण चूक झालीच तर सौम्यतेच्या बाजूने होते. कोरड्या जमिनीवर देऊ नका, आधी साधं पाणी, मग खत.

आणि फवारणीबद्दल. कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर शेणाचं पाणी फवारू नका, ते मुळाशी द्या. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण दिल्यापासून काढणीपर्यंत, मातीला लागणाऱ्या पिकांसाठी १२० दिवस आणि न लागणाऱ्यांसाठी ९० दिवस ठेवायला सांगितलं आहे. ड्रममध्ये चार दिवस ठेवल्याने शेण निर्जंतुक होत नाही.

पानं वाटीसारखी आत वळली तर

हा ड्रमचा बिघाडच नाही, म्हणून तो ड्रममध्ये शोधून सापडत नाही. वास चांगला, बियांची मुळंही ठीक, पण टोमॅटो आणि शेंगवर्गीय झाडांचे शेंडे पिळवटतात, नवी पानं अरुंद, नेच्यासारखी होतात. अशा वेळी जनावराने काय खाल्लं ते विचारा. अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड, पिक्लोरॅम ही रुंद पानांच्या तणांवरची तणनाशकं गवताला इजा करत नाहीत, जनावराच्या पोटातून जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडतात आणि शेणात, कंपोस्टमध्ये महिनोन्‌महिने टिकतात. ती अगदी थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. नवं शेण आणलं की कुंडीत घेवड्याच्या चार बिया त्या शेणाच्या पाण्यावर आणि चार साध्या पाण्यावर लावा, आणि तीन आठवडे, तिसरं-चौथं पान उलगडेपर्यंत पाहा. मुगाची तीन दिवसांची परीक्षा हा दोष पकडत नाही. ज्या जनावराला प्रतिजैविकं चालू आहेत त्याचं शेणही तेवढे दिवस ड्रममध्ये नको, बंद ड्रमचं पचन त्याने मंदावू शकतं.

अळ्या, फेस, तुंबलेली नळी

लांब शेपटीच्या, पांढुरक्या अळ्या पाण्यात वळवळत असतील तर त्या एका जातीच्या माशीच्या. ती शेपटी म्हणजे त्यांची श्वासाची नळी, गुदमरलेल्या पाण्यातच त्यांचं फावतं. अळ्या उपद्रवी नाहीत, पण पाण्यात हवा नाही हे त्या सांगतात. डास मात्र उपद्रवी. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा उघड्या ड्रमला बारीक जाळी बांधाच. जाळी मध्ये लोंबकळून पाण्याला टेकू देऊ नका.

पहिल्या दोन दिवसांचा पांढरा फेस चांगला. नंतर तपकिरी, चिकट, न मोडणारा फेस आला तर ड्रम दाट आहे, पाणी वाढवा.

ठिबकमधून द्यायचं तर गाळणं तीनदा: आधी गोणपाट, मग सुती कापड, शेवटी १२० मेशची गाळणी. आणि एवढं करूनही तोट्या तुंबतात, कारण चोथ्याइतकाच नळीच्या आत वाढणारा बुळबुळीत जिवाणूथर जबाबदार असतो. खत सोडून झालं की किमान पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी चालवा आणि नळ्यांची शेवटची टोकं उघडून साचलेला गाळ बाहेर जाऊ द्या. आठवड्याभराने एखादी तोटी उघडून आतून बोट फिरवा. बोटाला शेंबडासारखं काही लागलं तर साध्या पाण्याची वेळ दुप्पट करा, किंवा ठिबक सोडून झारीने द्या. माझ्या दहा-बारा वाफ्यांना मी झारीच वापरतो, तिचं नाकाड काढून.